नुसता सूर

माझ्या हातात उभं आयुष्य जे वाद्य होतं त्याला सनई म्हणायचं की नाही, हे मला अजून ठरवता आलेलं नाही. दिसायला ती सनईच. तसंच काळं लाकूड, तोंडाला तसाच पितळी प्याला, तशीच ताडाच्या पानाची पत्ती. फक्त तिची भोकं मेणानं बुजवलेली होती. फुंकली की एकच आवाज निघायचा आणि तो मी खंड न पाडता काढत राहायचो. आमच्यात त्या आवाजालाही आणि त्या वाद्यालाही सूर म्हणतात. सनईवाला त्या सुरावर काय वाटेल ते करतो. वर जातो, खाली येतो, रुसतो, लाडात येतो. सूरवाल्यानं जागचं हलायचं नाही. माझा मोठा भाऊ सनई वाजवायचा आणि मी सूर धरायचो. मला सनई वाजवायची होती. गोष्ट एवढीच आहे, आणि ती सांगायला बसलो की अजून माझं डोकं फिरतं.

हे ठरवलं बानं. आम्ही धानोऱ्याचे. शेतीवाडी असती तर दोघा भावांत वाटणी झाली असती. आमच्या घरात वाटायला दोनच वाद्यं होती. बानं एक दिवस आम्हा दोघांना अंगणात उभं केलं, भावाची बोटं ओढून पाहिली, माझ्या छातीवर दोन चापट्या मारल्या आणि मायला सांगितलं, "याले छाती शे, त्याले बोटे शेतस." झाली वाटणी. मला कुणी विचारलं नाही, आणि विचारायची रीतही नव्हती.

सूर धरायला शिकणं म्हणजे काय ते ऐका. एरंडाच्या पानाचा देठ पोकळ असतो. तो घ्यायचा, पाण्यानं भरलेल्या लोट्यात बुडवायचा आणि फुंकायचं. बुडबुडे निघाले पाहिजेत आणि थांबता कामा नयेत. तोंडानं सोडायचं, त्याच वेळी नाकानं घ्यायचं. गालात थोडी हवा राखून ठेवायची, तेवढ्यावर नाकाचा दम पुरा करायचा. मी महिने न महिने तेच केलं. गाल दुखून भाकरी चावता यायची नाही. बा बाजेवर पडून बुडबुडे ऐकायचा, आणि मध्ये खंड पडला की नुसतं "हं" म्हणायचा. त्या "हं"ला मी माराहून जास्त भ्यायचो. शेवटी शेवटी तर बाजरी निसून होईतो माझे बुडबुडे तुटत नव्हते. माय म्हणायची, हा पोऱ्या झोपेतही फुंकतो.

भाऊ तिकडे बोटं चालवायला शिकत होता. एकदा तो नसताना मी त्याची सनई घेतली आणि भोकांवर बोटं ठेवली. फुंकलीसुद्धा नव्हती. बानं पाहिलं आणि चिंचेचा फोक घेऊन असा झोडला की पाठीवर वळ उठले. त्याचं म्हणणं असं की सूरवाल्याच्या मनात एकदा चाल शिरली की त्याचा दम डगमगतो, आणि दम डगमगला की दोघंही बुडाले. ते खोटं नव्हतं. पण चाल मनात शिरायची ती शिरलीच होती. बानं बांधलेल्या सगळ्या चाली मला पाठ. हळदीची, नवरा मारुतीच्या पाराशी उतरतो तेव्हाची, अक्षता पडून टाळी लागायच्या आधीची, मुलगी निघते तेव्हाची. भाऊ कुठं चुकणार हे मला तो चुकायच्या आधी कळायचं. तोंडात पत्ती असल्यामुळं बोलता यायचं नाही, एवढंच.

बा गेल्यावर आम्ही दोघं आणि एक लांबचा चुलतभाऊ संबळावर, असे तिघं वाजवत फिरलो. म्हसावदपर्यंत, शहाद्याच्या पलीकडच्या गावांपर्यंत आमचं नाव होतं. म्हणजे भावाचं होतं. मांडवाच्या बाहेर बसायचं, पंगत उठल्यावर सगळ्यांच्या शेवटी जेवायचं, आणि तरीही टाळी लागायची वेळ झाली की भटजीपासून नवरीच्या मामापर्यंत सगळे आमच्याकडे बघायचे. भाऊ डोळे मिटून वाजवायचा. मी डोळे उघडे ठेवायचो, म्हणून मला दिसायचं की लोकांच्या चेहऱ्यावर काय होतंय. मुलगी निघताना तो जी चाल वाजवायचा, तिला मिशीवाले पाटीलसुद्धा तोंड फिरवून उपरण्यानं नाक पुसायचे.

लोकांना वाटायचं दोघंही सनईवाले. भोकात मेण आहे हे लांबून कुणाला दिसणार? एकदा माझ्या समोरच एक बाई दुसरीला म्हणाली, "मोठा चांगला वाजाडस. धाकला लाजस, एकच धरी बसस." भाऊ ते ऐकून इतका हसला की त्याची पत्ती तोंडातून पडली. पुढं कित्येक दिवस तो मला लाजरा म्हणत होता. एरवी तो मला भाता म्हणायचा, लोहाराचा असतो तसा. "भाता कोठे गया? बलावा त्याले." प्रेमानं म्हणायचा, मला माहीत आहे. पण माझ्या अंगाची आग व्हायची.

मग नंदुरबारात बँड आला. पलटणीत वाजवून आलेला एक मास्तर होता. पाच-पंचवीस माणसं, लाल कोट, पितळेची मोठमोठी तोंडं. कानबाई देवीच्या मिरवणुकीत त्यानं भावाला ऐकलं आणि जागेवरच म्हणाला, कलारनेट शिकशील काय. भाऊ म्हणाला, माझा भाऊही येईल. मास्तरनं माझं वाद्य हातात घेतलं, उलटसुलट केलं, नखानं मेण खरवडून पाहिलं. मला म्हणाला, "ह्यात तर काहीच नाही." वाईट मनानं नाही म्हणाला. त्याच्या बँडात वीस तोंडं एकदम वाजत, सूर कुणी धरत नसे. त्याला खरंच कळेना की हा माणूस इतकी वर्षं करतो काय. भावानं गयावया केली म्हणून त्यानं मला झांज दिली.

एक लग्नसरा मी लाल कोट घालून झांजा आपटल्या. नवापूरला, शहाद्याला, आगगाडीनं पार गुजरातेत. माझी छाती रिकामी आणि हात चाललेले. भाऊ मात्र पंधरा दिवसांत कलारनेटवर असा काही बसला की मास्तर त्याला पहिल्या रांगेत उभा करू लागला. रांगेत तो पुढं, मी सगळ्यात मागं. लग्नसरा संपला तसा मी कोट काढून मास्तरच्या खाटेवर ठेवला आणि चालत घरी आलो. भाऊ स्टेशनापर्यंत मागं आला होता. मी वळून पाहिलं नाही.

धानोऱ्यात मी निंदणी-कापणीला जायचो, मिरची तोडायचो. एके दिवशी शेजारच्या गावाहून एक माणूस आला. त्याच्या नातीचं लग्न होतं आणि घरच्या म्हातारीनं हट्ट धरला होता की बँड नको, सनईच पाहिजे. तो मला सनईवाला समजून आला होता. खरं सांगायला तोंड उघडलं आणि तोंडातून निघालं, येतो. तो गेल्यावर मी सुई तापवली, एकेका भोकातलं मेण काढलं आणि आठ दिवस शेताच्या बांधावर बसून फुंकलं. चाल डोक्यात लख्ख. बोटं मात्र लाकडाची. एक भोक झाकावं तर दुसरं उघडं राही. कुठं किंचाळायची, कुठं मुकी व्हायची. संबळवाला एकदा लांबून ऐकत उभा राहिला आणि तिथूनच मागं फिरला. नवव्या दिवशी मी निरोप पाठवला की मला ताप भरला आहे. त्या लग्नात शेवटी काय वाजलं, मी कधी विचारलं नाही. मेण परत भरून टाकलं.

भावाला खोकला लागला तो मिरचीच्या हंगामात. नंदुरबारात मिरची वाळत पडली की सगळं गाव खोकतं. माणसं, बैल, स्टेशनातली कुत्रीसुद्धा. त्याच्या खोकल्याकडं कोण बघणार? तोही म्हणायचा, मिरची शे. वहिनी मिरचीचे देठ खुडायला जायची, तीही खोकायची. फाल्गुन गेला, मिरची पोत्यांत भरून गाडीनं गेली, सगळ्या गावाचे ठसके थांबले, आणि तेव्हा लक्षात आलं की एकटा तोच खोकतोय. वाजवता वाजवता लाल कोटाच्या बाहीला तोंड पुसायचा. कोटच लाल, त्यामुळं कुणाला काही दिसलं नाही. डॉक्टरनं क्षय सांगितला. मास्तरनं कलारनेट परत घेतलं, बँडाचं होतं ना. वहिनीनं त्याला बैलगाडीत घालून धानोऱ्याला आणलं.

अंगणात लिंबाखाली त्याची बाज टाकली. मी त्याच्याशी धड बोलत नव्हतो. पाणी द्यायचो, पाठ धरायचो, बाज सावलीबरोबर सरकवायचो, पण बोलत नव्हतो. तो काडीसारखा झाला होता. फक्त बोटं होती तशी होती. बाजेच्या लाकडी दांड्यावर सारखी चालायची. मला कळायचं कोणती चाल चालू आहे. मी मुद्दाम दुसरीकडं बघायचो.

एका सकाळी त्यानं वहिनीला सनई मागितली, आणि मला जवळ बोलावून म्हणाला,

"बोटे मन्हा, दम तुन्हा. बैठ, भो."

मला आधी कळलंच नाही. मग त्यानं मला बाजेच्या काठावर बसवलं, माझ्या मागं टेकून बसला, दोन्ही हात माझ्या बगलांतून पुढं काढले आणि सनई माझ्या तोंडाशी धरली. त्याची हनुवटी माझ्या खांद्यावर. अंगाचा चटका सदऱ्यातून लागत होता. मी फुंकलं. आणि माझ्या दमातून, माझ्या दमातून बरं का, ती चाल निघाली. मुलगी निघते तेव्हाची. त्याच्या बोटांना माझा दम लगेच समजला आणि मला त्याची बोटं. कुठं जोर द्यायचा, कुठं सोडायचं, मला तर जन्मापासून ठाऊक होतं. त्याला मध्ये श्वास घ्यायला थांबावं लागायचं, मला लागत नव्हतं. ती चाल आयुष्यात पहिल्यांदा न तुटता वाजली. बानंसुद्धा तशी वाजवली नसेल. माझ्या डोळ्यांतून पाणी चाललं होतं आणि ते ओठांशी येऊन दम तुटू नये म्हणून मी मान वर करून फुंकत होतो.

वाजवून झालं तर अंगणाच्या कुडाशी सगळी गल्ली उभी. वहिनी चुलीपुढून उठून दारात आली होती, हातांना पीठ तसंच. आणि लोक काय म्हणाले? भाऊ बरा झाला म्हणाले. काय वाजवलं, अजून हात तसाच आहे, देवानं राखला. प्रत्येकजण त्याच्या पाठीवरून हात फिरवत होता. एकानं मला सांगितलं, त्याले आते दूध दे, तरास व्हई गया त्याले. भाऊ सांगत होता की दम माझा नव्हता, याचा होता. पण खोकल्यानं त्याचे शब्द पुरे होत नव्हते, आणि कुणाला ते ऐकायचंही नव्हतं. मी सनई बाजेवर ठेवली आणि बैलांना पाणी दाखवायला निघून गेलो. बैल आमचे नव्हतेच.

दुसऱ्या दिवशी त्यानं पुन्हा बोलावलं. म्हणाला, आज तू खाली बोटं ठेव, मी वरून ठेवतो. रोज थोडं. तुझ्या बोटांना सवय होईल. चाल तर तुला येतेच. मी असेतो सगळ्या चाली तुझ्या बोटांत घालून देतो.

ज्या गोष्टीसाठी मी जन्मभर जळलो, ती तो मला हातात धरून देत होता. मी काय करायला पाहिजे होतं? त्याच्यापुढं बसायला पाहिजे होतं. पण आदल्या दिवसापासून मागचं सगळं वर आलं होतं. बाचा फोक, तो भाता, झांज, लाल कोट, सगळं. मी म्हणालो,

"इतला वरीस तुन्हा बोटे कोठे व्हतात? आते दम सरी गया तवय मन्ही याद उनी? ठेव तुन्हापाशीच."

वहिनी जवळच होती. तिनं मान खाली घातली. भाऊ चिडला असता तरी बरं झालं असतं. त्यानं सनईवरून एकदा हात फिरवला, पत्ती काढून दोऱ्यात ओवली, सगळं फडक्यात गुंडाळलं आणि उशाशी ठेवलं. मग कुशीवर वळला. त्यानंतर बाजेच्या दांड्यावर त्याची बोटं चाललेली मी पाहिली नाहीत.

मला वाटलं होतं दोन दिवसांनी राग उतरला की मी स्वतःच जाईन. दोन दिवसांचे आठ झाले. रोज सकाळी उठून ठरवायचो, आज बसायचं. पाणी घेऊन बाजेशी जायचो, तो पाणी प्यायचा, मी लोटा घेऊन परत यायचो. तो पुन्हा म्हणेल म्हणून मी वाट बघत होतो. एकदा म्हणाला असता तर मी बसलो असतो. हे मी इतक्या वेळा स्वतःला सांगितलं आहे की त्याची मलाच शिसारी येते. मरणाऱ्या माणसानं दोनदा विनवावं अशी माझी अपेक्षा होती. पंधरवड्यात तो उठून बसेनासा झाला. मग हातही उचलेनासा झाला. एका दुपारी वहिनीनं हाक मारली तेव्हा मी शेतात होतो, आणि पोचलो तेव्हा त्याचे डोळे झाकून झाले होते.

आमच्यात रीत अशी की सनईवाला गेला तर त्याच्या पुढं सनई चालते. दारापासून विसाव्यापर्यंत आणि विसाव्यापासून नदीपर्यंत. आणि ती घरच्यानंच वाजवायची, बाहेरच्यानं नाही. बा गेला तेव्हा भावानं वाजवली होती, मी सूर धरला होता. आता घरात वाजवणारा म्हणजे मी. बँडवाल्यांना निरोप गेला होता, ते म्हसावदला लग्नात होते. ते असते तरी रीत चुकली असती. लोक तिरडी बांधून दाराशी थांबले. वहिनीनं फडकं सोडून सनई माझ्या हातात दिली. पत्तीसुद्धा तिनंच बसवली होती, भिजवून.

मी ओट्याच्या आड गेलो आणि बोटं ठेवली. त्याची बोटं कशी होती ते डोळ्यांपुढं आणलं. माझ्या बगलांतून आलेली, माझ्या छातीपुढं चाललेली. तीच चाल, तोच दम. फुंकलं, आणि वासरू हंबरावं तसा आवाज फुटला. पुन्हा फुंकलं, तसंच. बाहेर तिरडीशी उभ्या माणसांनी माना वळवल्या. तिसऱ्यांदा मी फुंकलं नाही. सनई तिथंच ओट्यावर ठेवली, आत जाऊन खुंटीवरचा माझा सूर घेतला आणि तिरडीच्या पुढं जाऊन उभा राहिलो. संबळवाल्यानं माझ्याकडं पाहिलं आणि संबळ न वाजवता नुसता गळ्यात अडकवून चालू लागला.

दारातून निघाल्यापासून मी सूर धरला. गल्ली, मारुतीचा पार, गावाबाहेरचा रस्ता. लोक घराघरांतून बाहेर येऊन उभे राहत होते. कान देऊन उभे राहत होते, आता वाजेल म्हणून. सुरावर काही येत नव्हतं. मला आतून सगळी चाल ऐकू येत होती, पहिल्यापासून शेवटपर्यंत, आणि मी तिच्याखाली धरून चाललो होतो. बाहेर नुसता एक आवाज. मी आयुष्यात एकट्यानं वाजवलं ते एवढंच.

विसाव्याला तिरडी खाली ठेवली, खांदे बदलले. पलीकडच्या गावचा एक म्हातारा आला होता. त्याच्या तीन मुलींच्या लग्नात भावानं वाजवलं होतं. त्याला डोळ्यांनी फारसं दिसत नव्हतं. नातवाच्या खांद्यावर हात ठेवून तो माझ्याजवळ आला, अगदी जवळ, आणि मला धीर द्यावा तसं म्हणाला,

"सूर तं लागी गया, भो. सनई कव्हय सुरू व्हई?"

माझ्या तोंडात पत्ती होती. ती काढली असती तर त्याला उत्तर द्यावं लागलं असतं. मी नाकानं दम घेतला आणि नदी येईतो सूर सोडला नाही.